अकराव्या दिवशी काय?

चिंतेवर उपाय म्हणून काही दिवस घरदार सोडून कुठे तरी जाऊन राहायचं, याचा आता जगभर मोठा धंदा झाला आहे. पेरूच्या जंगलात आयाहुआस्काचा काढा, नेदरलँड्समध्ये ट्रफल, जमैकात मशरूम, गोव्यात श्वासाची शिबिरं, इगतपुरीला मौन. इगतपुरीचा अपवाद सोडला तर जाहिरातींची भाषा सारखीच असते: या, आणि हलके होऊन परत जा. यातलं खरं किती, अर्धवट खरं किती आणि निव्वळ विक्री किती, हे जोखायचं तर मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीहून सुरुवात करीन. पुण्यामुंबईच्या माणसाला शिबिर परवडतं, रजा मिळते, आणि फसलं तर परत येऊन डॉक्टर गाठता येतो. जिवतीच्या माणसाला यातलं काहीच सहज मिळत नाही. उपाय किती तोलाचा आहे ते तिथे लवकर कळतं.

राजुऱ्याहून गडचांदूरला आलं, सिमेंट कारखान्यांची धूळ मागे टाकली आणि घाट चढला की माणिकगडच्या डोंगरावरचा हा तालुका लागतो. कोलाम आणि गोंड इथले जुने रहिवासी. बंजाऱ्यांचे तांडे आणि मराठवाड्यातून दुष्काळाने हुसकलेली कुटुंबं नंतर आली. तेलंगणाच्या सीमेवरच्या चौदा गावांवर दोन राज्यांचा दावा आहे. तिथल्या माणसाकडे दोन्हीकडचं रेशनकार्ड असतं, दोन्हीकडचं मतदान असतं, आणि आपण नक्की कुणाचे हा प्रश्नही असतो. बऱ्याच शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कसलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची आहे. त्यामुळे पट्टा नाही, पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि मग कृषी केंद्राची उधारी किंवा सावकार. उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. अशा जागी काळजी वाटणं हा आजार म्हणायचा का?

सगळीच काळजी आजार नसते, आणि इथे घोटाळा करून चालत नाही. २०२० मध्ये राजुरा तालुक्यात एका वाघाने माणसं मारली, तेव्हा शेतावर जायला लोक घाबरत होते. ऑक्टोबरमध्ये तो वाघ पकडला गेला. त्या भीतीवर औषध एकच होतं, ते वनखात्याकडे होतं. पण वाघ गेल्यावरही एखादीची छाती रोज धडधडते, झोप लागत नाही, हातपाय गार पडतात, पोरगं शाळेतून परत येईल की नाही या विचाराने ती दुपारभर दारात उभी राहते आणि हे सहा-सहा महिने चालतं, तेव्हा मानसोपचारात त्याला चिंताविकार म्हणतात. पट्टा नसल्याची काळजी आणि चिंताविकार एकाच माणसात एकत्र नांदू शकतात, बहुतेक वेळा नांदतातच. पहिल्याचं निमित्त पुढे करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचं, किंवा दुसऱ्याची गोळी देऊन पहिल्याचा अर्ज दाबून ठेवायचा, या दोन्ही गोष्टी सरकारदरबारी सोयीच्या असतात.

दवाखान्यात ही बाई 'मला चिंता आहे' असं सांगत नाही. ती म्हणते, जीव घाबरते जी. अंगात कसंतरीच होते. डॉक्टर रक्तदाब पाहतात, तो ठीक असतो. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात, अशक्तपणा म्हणून सलाईन. खासगीत गेली तर अल्प्राझोलामची छोटी गोळी मिळते. त्या रात्री झोप लागते, आणि महिन्याभरात गोळीशिवाय झोप लागत नाही. बंगळुरूच्या निमहान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक विकारांत उपचारापर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर निघालं. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ धड येत नाही. एका अंदाजानुसार हा आकडा ०.७५ च्या आसपासचा आहे, आणि असतील ते शहरांत एकवटलेले.

मग उरतो तो 'बाहेरचं' झाल्याचा निकाल. पुजारी, देवऋषी, उतारा, अंगारा. याला नाकं मुरडणं सोपं आहे, पण पुजारी निदान तासभर ऐकून घेतो, घरच्यांना बोलावतो, आणि दुखण्याला नाव देतो. अडचण त्या नावाची आहे, कारण नावापाठोपाठ गुन्हेगार शोधला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून वृद्ध बायामाणसांना भर गावात बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून राज्यात आहे. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. कायद्याने मारणाऱ्यांना धरलं. ज्या घाबरण्यातून हे सगळं उभं राहिलं त्यावर इलाज करायला मात्र गावात त्या आधीही कुणी नव्हतं. चिंतेचा उपचार हा फावल्या वेळातला शहरी शौक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी वणी खुर्दची बातमी पुन्हा वाचावी.

पुरुषांचा उपाय वेगळा: मोहाची दारू. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. दारूने संध्याकाळपुरती धाकधूक जाते आणि सकाळी दुपटीने येते, हे कुणी पिणाराही नाकारत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून चालणाऱ्या मुक्तिपथ अभियानातली एक गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. व्यसनी माणसाला लांब कुठे नेऊन ठेवण्याऐवजी गावातच शिबिर घेतलं जातं, आणि तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक चालतं. ज्या चावडीवर तो पडलेला असायचा त्याच चावडीजवळ त्याला सोडवायचं. याकडे पुढे परत यायचं आहे.

घर सोडून काही दिवस वेगळं राहण्याची चाल या डोंगराला नवी नाही. सीमेवरच्या महाराजगुड्याजवळ डोंगरातल्या गुहेत जंगूबाईचं ठाणं आहे. पुस महिन्यात दोन्ही राज्यांतून गोंड, परधान, कोलाम तिथे येतात. पायी, बैलगाडीने, आता जीपनेही. मुक्काम करतात, चुली मांडतात, वाद्यं वाजतात, एखाद्याच्या अंगात येतं. चिंताविकाराचा इलाज म्हणून तिथे कुणी जात नाही, आणि मीही त्याला तसं नाव देणार नाही. पण रचना पाहा: रोजचं काम सुटतं, ठरलेले विधी असतात, शरीर थकतं, मनावरचं झाकण उघडायची परवानगी असते, आणि जे सोबत होते तेच लोक तुमच्याबरोबर गावी परततात. जगभरच्या महागड्या शिबिरांत यातल्या पहिल्या चार गोष्टी विकत मिळतात. पाचवी मिळत नाही.

खाली, चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे. तुकडोजींनी (१९०९–१९६८) विदर्भाच्या खेड्यांना पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना लावून दिली. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं आजही कित्येक गावांत रोज त्या वेळी बसतात. पांढरी सतरंजी, खंजिरी, पंधरा-वीस म्हातारी माणसं आणि दोन-चार पोरं. ध्यानावर निघालेल्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात या सतरंजीचा उल्लेख मला कधी सापडला नाही, याचं थोडं वाईट वाटतं. पण आजार आणि साधना यांची सरमिसळ तुकडोजींच्या माणसांनीही केली नाही, तेव्हा मीही इथेच थांबतो.

जिवतीच्या माणसाला गाठता येईल असं खरंखुरं ध्यानशिबिर म्हणजे विपश्यना. त्यासाठी इगतपुरीला जायची गरज नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरला 'धम्म अजय' केंद्र आहे, नागपूरजवळ 'धम्म नाग' आहे. चंद्रपूर जिल्ह्यात या साधनेला एक वेगळी जमीनही मिळाली: १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबरला चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, दीक्षा दिली होती. या भागातल्या बौद्ध घरांतली कितीतरी माणसं विपश्यनेकडे स्वतःच्या धम्माचा भाग म्हणून पाहतात. शहरी उद्योजकाला त्यात कामाचा ताण घालवायचं साधन दिसतं. दोघं शेजारी शेजारी बसतात.

या शिबिरांचे प्रवर्तक सत्यनारायण गोएंका १९२४ मध्ये ब्रह्मदेशात मंडालेला जन्मले. व्यापारी घराणं, पैसा भरपूर, आणि डोकं फोडून टाकणारी अर्धशिशी. १९५५ मध्ये ते ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गोएंका स्वतः सांगत त्याप्रमाणे, डोकेदुखीसाठी आलोय म्हटल्यावर ऊ बा खिन यांनी त्यांना घ्यायला नकार दिला. मन शुद्ध करायला ये, दुखणं गेलं तर तो वरचा लाभ. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर झालं. पुढे १९७० च्या दशकात इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैद्यांचं शिबिर झालं आणि घराघरांत हे नाव पोचलं. महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सोय केली, आणि शाळांत आनापानासाठी, म्हणजे श्वास पाहण्याच्या सरावासाठी, 'मित्र उपक्रम' काढला. गोएंका २०१३ मध्ये गेले.

शिबिरात काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहाटे चारला घंटा. साडेचारला बैठक सुरू. दिवसात जवळपास दहा तास बसणं. अकराला जेवण, त्यानंतर नव्या साधकाला संध्याकाळी थोडं फळ आणि चहा, जुन्याला नुसतं लिंबूपाणी. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, फोन, वही, पोथी काही नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाखालच्या आणि वरच्या ओठावरच्या चिमूटभर जागेवर येणारा-जाणारा श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते: डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना पाहत जायचं, हव्याशा वाटल्या तरी ओढायच्या नाहीत, नकोशा वाटल्या तरी ढकलायच्या नाहीत. मग तासभर मांडी न हलवता बसायचं. गुडघा पेटतो, पेटणं पाहायचं. दहाव्या दिवशी मौन सुटतं, मंगल मैत्री होते, आणि जेवणघरात एकदम कालवा उसळतो. अकराव्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या गावी. शुल्क नाही, ज्याला द्यावंसं वाटेल त्याने दान द्यावं.

चिंतेच्या दृष्टीने यात एक नेमकी गोष्ट आहे. चिंताविकारात माणूस छातीतल्या धडधडीलाच घाबरतो. धडधड झाली की भीती, भीतीने आणखी धडधड. संवेदना नुसती पाहायची सवय लागली तर हे चक्र मधेच तुटू शकतं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बौद्ध ध्यानपद्धतींतून हाच धागा उचलला, धर्माचं सगळं आवरण काढलं आणि आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बसवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ होज यांच्या चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली गेली: अर्ध्यांना हा अभ्यासक्रम, अर्ध्यांना एस्सिटालोप्राम ही नेहमीची गोळी. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखाच फरक दिसला. गोळीच्या गटात दहातल्या जवळपास आठ जणांना काही ना काही दुष्परिणाम जाणवले, ध्यानाच्या गटात साधारण १५ टक्क्यांना.

हा निकाल शिबिरवाले सगळीकडे मिरवतात. ते एक सांगत नाहीत की या चाचणीत निवासी शिबिर नव्हतं. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग, एक दिवस जास्तीचा, आणि रोज घरी पाऊण तास. माणसं घरी राहत होती, नवऱ्याशी भांडत होती, पोरांचे डबे करत होती, आणि दर आठवड्याला परत येऊन त्याच शिक्षकाला सांगत होती की जमलं की नाही. दहा दिवस कोंडून घेण्याला मिळालेला हा दाखला नव्हे. २०१४ चा गोयल आणि सहकाऱ्यांचा मोठा आढावा ४७ चाचण्या आणि साडेतीन हजार माणसांचा होता. त्यात ध्यानाने चिंतेत थोडा ते मध्यम फरक पडतो असं दिसलं. व्यायाम किंवा औषध अशा दुसऱ्या उपायांपेक्षा ते सरस आहे याला पुरावा मिळाला नाही. आणि ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये निकाल आलेल्या 'मिरियड' प्रकल्पात आठ हजारांवर शाळकरी मुलांच्या चाचणीत सजगतेच्या धड्यांचा काहीच फायदा दिसला नाही. 'मित्र' राबवणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. जबरदस्तीने डोळे मिटायला लावलेलं पोर फार तर पापण्यांखालून शेजाऱ्याकडे पाहतं.

ध्यानाने त्रास होत नाही, हा समज मात्र धोक्याचा आहे. ब्राऊन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींतून त्रासांची यादीच मांडली: घबराट, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, जुन्या आघातांचं उफाळून येणं. यातले बरेच अनुभव दीर्घ शिबिरांत आले होते. विपश्यनेची केंद्रं हे लपवत नाहीत. अर्जात मानसिक आजार आहे का, औषधं चालू आहेत का, हे स्पष्ट विचारलेलं असतं, आणि ही साधना मानसोपचाराला पर्याय नाही असंही ते सांगतात. गोम अशी की माणसं अर्ज खोटा भरतात. प्रवेश नाकारतील या भीतीने गोळ्यांचा रकाना रिकामा सोडतात, काही तर शिबिराच्या आधी गोळी स्वतःच बंद करतात. चिंतेची किंवा नैराश्याची गोळी एकदम तोडून मौनात जाऊन बसणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो साधनेच्या नावावर लिहिला जातो.

आता दुसरा रस्ता, मशरूम आणि एलएसडीचा.

जिवतीच्या जंगलात पावसाळ्यात सात्या निघतात. वारुळाजवळची ही अळिंबी लोक वेचतात, भाजी करतात, गडचांदूरच्या बाजारात विकतात. तिला नशा नाही. धोतऱ्याची नशा मात्र शेतकऱ्याला माहीत आहे, आणि ती विषबाधा असते: तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, बडबड, प्रसंगी मृत्यू. सायकेडेलिक द्रव्यांचा प्रकार याहून वेगळा. स्वित्झर्लंडच्या अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी बनवलं आणि १९४३ मध्ये स्वतः घेऊन पाहिलं. मेंदूत ते सेरोटोनिनच्या एका ग्राहकावर बसतं आणि काही तास 'मी' आणि 'बाकीचं जग' यांतली भिंत पातळ होते. १९६० च्या दशकात अमेरिकन पोरं त्यालाच मोक्ष समजून भारतात आली, आणि त्यांना इथे पहिला ठाम नकार मिळाला तो अहमदनगरजवळ.

मेहेरबाबा (१८९४–१९६९) पुण्यात जन्मले आणि मेहेराबाद-मेहेराझादला राहिले. हार्वर्डमधून काढलेले रिचर्ड अल्पर्ट आणि त्यांच्यासारख्या तरुणांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. १९६६ मध्ये त्यांच्या म्हणण्याची एक पुस्तिका निघाली, 'गॉड इन अ पिल?' या नावाने. गोळीतून मिळणारा अनुभव खरा अध्यात्माचा नाही आणि त्याने शरीर-मनाचं नुकसान होतं, असं त्यांचं मत होतं. काही शिष्यांना त्यांनी अमेरिकेत परत जाऊन इतरांना यापासून परावृत्त करायला सांगितलं. गंमत म्हणजे डॉक्टरी देखरेखीतल्या औषधी वापराची बाब मेहेरबाबांनी वेगळी ठेवली होती. साठ वर्षांनी विज्ञान त्याच उंबरठ्यावर येऊन उभं आहे.

२०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठात कॅन्सरच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, एकीत ५१ आणि दुसरीत २९ रुग्ण. मशरूममधल्या सायलोसायबिनच्या एका मोठ्या मात्रेनंतर मृत्यूची धास्ती आणि नैराश्य बहुतेकांत महिनोन् महिने कमी राहिलं. पण ती मात्रा कशी दिली गेली? आधी काही बैठका घेऊन ओळख आणि तयारी. मग घरासारख्या सजवलेल्या खोलीत पलंग, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, दोन प्रशिक्षित माणसं पूर्ण दिवस शेजारी. नंतर पुन्हा बैठका. २०२५ मध्ये 'जामा' मासिकात आलेली एलएसडीची चाचणी थेट चिंताविकारावरची होती: १९८ रुग्ण, एकच मात्रा. बारा आठवड्यांनी १०० मायक्रोग्रॅमच्या गटात सुमारे ४८ टक्के रुग्ण जवळपास लक्षणमुक्त होते, नकली मात्रेच्या गटात सुमारे २० टक्के. यात समुपदेशन जोडलेलं नव्हतं, त्यामुळे सगळी जादू आधाराची असते असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला हा निकाल टोचतो. तरी दोन प्रश्न राहतात. एलएसडी घेतलेल्याला आपण काय घेतलं ते कळतंच, त्यामुळे तुलना आंधळी राहत नाही. आणि बारा आठवड्यांनंतरचं अजून मोठ्या प्रमाणावर तपासलेलं नाही. पुढच्या टप्प्याच्या चाचण्या त्यासाठीच आहेत. एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याच्या बाबतीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी नाकारली, त्यात तुलना आंधळी न राहण्याचाही आक्षेप होता. ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए देण्याची मुभा दिली, तीही नैराश्य आणि आघातोत्तर विकारापुरती. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने केंद्रं उघडू दिली, आणि तिथे एका बैठकीचा खर्च हजार डॉलरच्या पुढे जातो.

ज्याच्या घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाचा आजार आहे, त्याने ही द्रव्यं घेतली तर वेडाचा झटका येऊ शकतो. लिथियम चालू असताना घेतली तर फेफरं येऊ शकतं. चाचण्यांमध्ये अशा लोकांना आधीच गाळलेलं असतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या 'समारंभात' कोण गाळणार?

भारतात कायदा सरळ आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडी, सायलोसायबिन, आयाहुआस्कामधलं डीएमटी हे सगळं बंद. एलएसडी एक दशांश ग्रॅमहून जास्त सापडलं की ते 'व्यापारी प्रमाण', आणि शिक्षा किमान दहा वर्षं. अंजुणेच्या पार्ट्यांत दशकानुदशकं ते फिरत आलं, हा भाग निराळा. आज गोव्यातली शिबिरं बहुतेक 'ब्रेथवर्क' विकतात. त्याचा पूर्वजही एलएसडीच: मानसोपचारतज्ज्ञ स्टानिस्लाव ग्रोफ यांनी एलएसडीवर बंदी आल्यावर जोरजोराने श्वास घेऊन तशी अवस्था आणायची पद्धत बसवली. घबराटीच्या रुग्णाला तासभर धापा टाकायला लावण्यात काय शहाणपण आहे, ते मला अजून उमगलेलं नाही. पुण्याच्या ओशो आश्रमाबद्दल इथे फारसं लिहिण्यासारखं नाही. नाचून, ओरडून मोकळं होणं काहींना मानवतं, चिंताविकारावर त्याचा भरवशाचा पुरावा नाही आणि दर जिवतीकरांसाठी नाहीत.

चिंतेवर गोव्याने जगाला दिलेली खरी चीज अंजुणेत तयार झालेली नाही. १९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू झाली. तिने सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांकडे मिळून २४ ठिकाणी 'मानस' नावाची चाचणी घेतली, जिचे निकाल २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांशी बोलायचं, श्वास आणि झोपेच्या साध्या गोष्टी शिकवायच्या, न आलेल्याच्या मागे लागायचं, आणि गरज असेल तरच डॉक्टरने गोळी द्यायची. सरकारी केंद्रांत नेहमीच्या उपचारापेक्षा लक्षणीय जास्त लोक बरे झाले. खासगीत फरक पडला नाही. पुढे विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, 'विश्राम' प्रकल्पाने हेच नैराश्यासाठी केलं. दीड वर्षात उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. यातल्या कुठल्याच गोष्टीवर गाजलेला माहितीपट मला दिसला नाही, कारण गावातली बाई दुसऱ्या बाईच्या ओसरीवर बसून बोलतेय यात दाखवण्यासारखं काही नाही.

गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाने मराठी घरांत ध्यान, आहार आणि ताण यांची चर्चा नेली. ते पुस्तक वाचून शिबिरं शोधत फिरणारे वाचक मला भेटले आहेत. त्यांच्या नजरेतून जे निसटतं ते हे की लेखकाने तो बदल रोजच्या दिनक्रमात बसवला. कुठल्या तरी एका ठिकाणी जाऊन तो झाला नाही.

म्हणून माझा हिशेब अकराव्या दिवशी सुरू होतो. दहा दिवसांनी माणूस घाट चढून परत येतो. उधारी तशीच आहे, सासू तशीच आहे, आणि सकाळच्या तासभर बैठकीला घरात कोपरा नाही. विपश्यनेचे जुने साधकही कबूल करतात की घरी आल्यावर रोज दोन तास बसणारे थोडेच. जो बसतो त्याला जवळपास कुणी तरी बसणारा असतो. म्हणूनच अजयपूरहून आलेल्या माणसाला गावातल्या गुरुदेव मंडळाची सतरंजीही चालेल, बुद्धविहारही चालेल. नाव कुठलं याला मी महत्त्व देत नाही.

खरिपात दहा दिवस शेत सोडणं शक्य नाही, आणि तान्ह्या पोराच्या आईला कधीच शक्य नाही. त्यामुळे जिवतीत सुरुवात शिबिरापासून होऊ शकत नाही. ती ओसरीवरूनच करावी लागेल, मुक्तिपथ जशी व्यसनमुक्तीची सुरुवात गावातून करतं तशी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर ठरलेल्या वारी तालुक्याला बसला पाहिजे, आणि तो वार बाजाराचा असला पाहिजे, म्हणजे येणं होतं आणि कुणी पाहिलं तरी सांगायला कारण असतं. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. डोंगरावर रेंज असेल तिथे तो लागतो. ज्याला वर्षभर बरं वाटतंय, गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्याने सुटल्या आहेत किंवा स्थिर आहेत, त्याने खुशाल अजयपूरला जावं आणि अर्जातला औषधांचा रकाना खरा भरावा. सायकेडेलिक द्रव्यं आज ज्या हॉस्पिटलांच्या चाचण्यांत आहेत तिथेच राहू द्यावीत. उद्या ती औषध म्हणून आली, तर पूर्ण दिवस शेजारी बसणारी दोन प्रशिक्षित माणसं चंद्रपूरला कुठून आणायची, हा प्रश्न तेव्हा विचारायचा आहे.

आणि कोलामी बोलणाऱ्या आजीला १४४१६ लावून देऊन मधे बसून दोन्हीकडचं दोन्हीकडे सांगणारं कुणी तरी लागेल. आज ते काम पडलं तर आशाताईकडेच पडतं. तिच्या पिशवीत आधीच गरोदर बायांची नोंद, बाळांची लसीकरणाची तारीख आणि क्षयाच्या गोळ्या आहेत.